विश्लेषण : ‘वाइनचा राजा’ बारोलो… इटलीतल्या ११ गावांना श्रीमंत करणारी वाइन आता त्याच गावांना महागात का पडतेय?

इटलीच्या वायव्य कोपऱ्यातल्या ११ गावांत २०२१ साली तोडलेली द्राक्षे १ जानेवारी २०२५ रोजी कायद्याने ‘बारोलो’ झाली. त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत त्या वाइनची एकही बाटली या नावाने विकता येत नव्हती. तीन वर्षे आणि दोन महिने थांबायचे, त्यातले किमान १८ महिने लाकडी पिंपात, असा तिथला नियम आहे. जगातल्या नामांकित रेड वाइन्समध्ये गणल्या जाणाऱ्या बारोलोची सगळी प्रतिष्ठा या थांबण्यावर उभी आहे. पण तिच्या टेकड्यांवर आता जमिनीचे भाव शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेले आहेत, उन्हाळे तापू लागले आहेत आणि बागेत राबणाऱ्या हातांचा प्रश्न पोलिसांपर्यंत पोहोचला आहे. या वाइनमध्ये असे काय आहे, ती कशी घडते आणि तिच्या गावांपुढे नेमके कोणते आव्हान आहे?

बारोलो हे वाइनचे नाव की गावाचे?

दोन्हीचे. पिएमोन्ते, म्हणजे इंग्रजी नकाशांवरचा पीडमाँट, हा इटलीचा आल्प्सच्या कुशीतला प्रांत. नावाचा अर्थच ‘डोंगराचा पायथा’. तुरीन ही त्याची राजधानी. तुरीनच्या दक्षिणेला, तानारो नदीपलीकडे, लांगे नावाच्या टेकड्यांचा पट्टा आहे. आल्बा हे तिथले बाजाराचे शहर. पांढऱ्या ट्रफलसाठी आणि चॉकलेट उद्योगासाठी ते ओळखले जाते. आल्बाच्या नैऋत्येला हजाराच्या आत लोकवस्तीचे बारोलो हे गाव आहे. मात्र त्याच्या नावाने वाइन करण्याचा हक्क एकूण ११ गावांना आहे. बारोलो, कास्तिल्योने फालेत्तो आणि सेरालुंगा दाल्बा ही पूर्णपणे, तर ला मोरा, मोनफोर्ते दाल्बा, नोवेल्लो, वेर्दुनो, ग्रिंझाने कावूर, डियानो दाल्बा, केरास्को आणि रोद्दी ही अंशतः त्या हद्दीत येतात.

हा सगळा पसारा जेमतेम २२०० हेक्टरांचा, म्हणजे साधारण साडेपाच हजार एकरांचा आहे. वर्षाला दीड कोटीच्या आसपास बाटल्या इथून बाहेर पडतात. सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी ही जमीन समुद्राचा तळ होती. त्यामुळे माती चुनखडीमिश्रित, चिकण आणि फिकट निळसर-करडी आहे. पश्चिमेकडच्या ला मोरा आणि बारोलो गावांत ती तुलनेने मऊ, तर पूर्वेकडच्या सेरालुंगा आणि मोनफोर्तेत अधिक कडक आणि जुनी आहे. ढोबळ मानाने पश्चिमेची वाइन सुगंधी आणि लवकर मऊ होणारी, तर पूर्वेची करारी आणि वर्षानुवर्षे टिकणारी, असे जाणकार सांगतात.

नेबिओलो द्राक्षाला हट्टी का म्हणतात?

बारोलो शंभर टक्के नेबिओलो या एकाच जातीच्या द्राक्षापासून करावी लागते. त्यात दुसऱ्या द्राक्षाचा एक थेंबही चालत नाही. पिएमोन्तेतल्या तेराव्या शतकातल्या कागदपत्रांतही या द्राक्षाचा उल्लेख सापडतो. त्याचे नाव ‘नेब्बिया’ म्हणजे धुके या शब्दावरून आले असावे, असे बहुतेक जण मानतात. ऑक्टोबरमध्ये हे द्राक्ष पिकते तेव्हा दऱ्या धुक्याने भरलेल्या असतात, असे एक कारण दिले जाते. पिकलेल्या मण्यांवर धुक्यासारखी पांढुरकी झाक दिसते, असे दुसरे.

नेबिओलोचा स्वभाव मात्र शेतकऱ्याची परीक्षा पाहणारा आहे. परिसरातल्या इतर द्राक्षांच्या आधी त्याला कोंब फुटतात, त्यामुळे वसंतातल्या हिमदवाचा धोका त्याला जास्त. पिकते मात्र सगळ्यांच्या शेवटी, त्यामुळे शरदातला पाऊस आणि गारपीटही त्याच्याच वाट्याला. उतार कोणत्या दिशेला आहे, उंची किती आहे, माती कशी आहे, यातले एक जरी बिनसले तरी ते नीट पिकत नाही. म्हणून जुनी माणसे एक साधी खूण पाहत. हिवाळ्यात ज्या उतारावरचा बर्फ सगळ्यात आधी वितळतो, तिथे नेबिओलो लावायचे. उरलेल्या जागेत बार्बेरा आणि दोल्चेत्तो ही रोजच्या जेवणातल्या वाइनची द्राक्षे, आणि अगदी सावलीच्या बाजूला हेझलनट किंवा रान.

कॅबर्ने सोव्हिन्यो किंवा शिराझ ही फ्रेंच द्राक्षे कॅलिफोर्नियापासून नाशिकपर्यंत जगभर रुजली. नेबिओलोला ते फारसे जमले नाही. इतरत्र लावून पाहणारे अनेक आहेत. पण पिएमोन्ते आणि शेजारचा लोम्बार्दी सोडला, तर त्याने नाव कमावल्याची उदाहरणे विरळा आहेत.

वाइनमध्ये ‘स्ट्रक्चर’ असते म्हणजे काय?

वाइनचे जाणकार बारोलोचे वर्णन करताना ‘स्ट्रक्चर’ हा शब्द हमखास वापरतात. याचा अर्थ वाइनचा सांगाडा किंवा बांधा. तो मुख्यतः दोन गोष्टींनी बनतो. एक आम्लता आणि दुसरी टॅनिन. टॅनिन हा द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असणारा तुरट घटक आहे. कच्चे केळे किंवा सुपारी चावल्यावर, किंवा फार उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर जीभ आणि हिरड्या आवळल्यासारख्या होतात, तोच हा परिणाम. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडे पडते. नेबिओलोमध्ये टॅनिन आणि आम्लता दोन्ही भरपूर असतात.

गंमत अशी की ही वाइन दिसायला फिकी असते. एवढा तुरटपणा म्हटल्यावर ती जांभळी-काळी असेल, असे वाटते. प्रत्यक्षात नेबिओलोच्या सालीतली रंगद्रव्ये कमी आणि अस्थिर असतात. त्यामुळे बारोलोचा रंग पातळ माणकासारखा असतो आणि काही वर्षांतच कडेने विटकरी होऊ लागतो. वासात गुलाब, चेरी आणि डांबर यांची आठवण होते, असे परंपरेने म्हटले जाते. गुलाब आणि डांबर ही जोडी विचित्र वाटली, तरी बारोलोची ती ठरलेली ओळख आहे.

काळ जातो तसे टॅनिनचे सूक्ष्म कण एकमेकांना जोडले जातात, काही गाळ होऊन बाटलीच्या तळाशी बसतात आणि तुरटपणाची धार बोथट होते. आम्लता वाइनला ताजी ठेवते. म्हणूनच चांगल्या वर्षाची बारोलो वीस-तीस वर्षेही टिकते. मांसाचे मुरलेले रस्से, जुने चीज, ट्रफल घातलेला पास्ता अशा स्निग्ध जेवणाबरोबर ती घेतली जाते, त्याचे कारणही टॅनिनच. प्रथिने आणि चरबी समोर असली की तुरटपणा कमी जाणवतो.

ही वाइन पूर्वी गोड होती, हे खरे का?

बऱ्याच अंशी खरे. अमेरिकेचे पुढे अध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन १७८७ मध्ये तुरीनला आले होते. तिथे चाखलेल्या नेबिओलोची त्यांनी नोंद करून ठेवली. ती त्यांना गोडसर, तुरट आणि शॅम्पेनसारखी चुरचुरीत वाटली. नेबिओलो उशिरा पिकते. तळघरे थंड पडली की किण्वन अर्ध्यावर थांबे, साखर शिल्लक राही आणि वाइन गोडसर, फेसाळ होई.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चित्र बदलले. या बदलाच्या कथेत तीन नावे येतात. बारोलोच्या किल्ल्याची मालकीण, फ्रान्समध्ये जन्मलेली मार्केझा जुलिया कोल्बेर्त फालेत्ती. तुरीनच्या तुरुंगांतल्या स्त्रियांसाठी केलेल्या कामासाठीही ती ओळखली जाते. दुसरे कामिल्लो बेन्सो कावूर. ते तरुणपणी, १८३२ पासून, ग्रिंझानेचे महापौर होते आणि १८६१ मध्ये एकीकृत इटलीचे पहिले पंतप्रधान झाले. तिसरे फ्रेंच वाइनतज्ज्ञ लुई उदार. त्यांनीच बारोलो कोरडी, म्हणजे साखरविरहित केली, अशी रूढ कथा आहे. अलीकडच्या अभ्यासकांनी मात्र त्याला आव्हान दिले आहे. कावूर यांच्या बागांत काम केलेले आणि १८३५ मध्ये वाइननिर्मितीवर पुस्तिका लिहिणारे पिएमोन्तेचेच जनरल पाओलो फ्रांचेस्को स्ताल्येनो हे या बदलाचे खरे मानकरी, असे त्यांचे म्हणणे आहे.

‘राजांची वाइन आणि वाइनचा राजा’ हे बिरुदही याच काळातले. सार्डिनियाचे राजे कार्लो आल्बेर्तो यांनी या वाइनची चौकशी केली, तेव्हा मार्केझाने त्यांना ३२५ पिंपे धाडली, अशी आख्यायिका सांगितली जाते. वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी एक, ईस्टरपूर्वीचे उपवासाचे ४० दिवस वगळून.

राजाची वाइन, मग शेतकरी गरीब का राहिला?

कारण द्राक्षे पिकवणारा आणि वाइन विकणारा वेगळा होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लांगेतले बहुतेक शेतकरी कुटुंबापुरत्या तुकड्यावर द्राक्षे काढत आणि ती व्यापाऱ्यांना विकत. भाव व्यापारी ठरवत. तोडलेली द्राक्षे थांबत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक असे. संध्याकाळ झाली की मिळेल तो भाव घ्यावा लागे. कांदा किंवा टोमॅटो घेऊन बाजार समितीत उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला ही स्थिती समजावून सांगावी लागणार नाही. आल्बाचे लेखक बेप्पे फेनोल्यो यांची १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ला मालोरा’ ही छोटी कादंबरी याच टेकड्यांवरच्या दारिद्र्याची कहाणी आहे. महायुद्धानंतर तुरीनच्या मोटार कारखान्यांनी आणि आल्बाच्या चॉकलेट कारखान्याने तरुणांना ओढून नेले आणि वाड्या ओस पडल्या.

या कोंडीतून बाहेर पडण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला सहकाराचा. कास्तिल्योने फालेत्तोचे शिक्षक आणि महापौर आर्नाल्दो रिवेरा यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये ‘तेर्रे देल बारोलो’ ही सहकारी वाइनरी सुरू झाली. शेतकऱ्यांनी द्राक्षे एकत्र आणायची, वाइन स्वतः करायची आणि स्वतः विकायची. सहकारी साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला हा मार्ग अनोळखी नाही. दुसरा मार्ग स्वतःच्या नावाने बाटली भरण्याचा. १९६० आणि ७० च्या दशकांत एकेका कुटुंबाने व्यापाऱ्याला द्राक्षे देणे बंद केले आणि स्वतःचे लेबल काढले. आज ज्या नावांच्या बाटल्या लिलावात विकल्या जातात, त्यांतल्या अनेकांची सुरुवात गोठ्याशेजारच्या तळघरातून झाली.

‘बारोलो युद्ध’ काय होते?

१९८० च्या दशकात गावागावांत, क्वचित घराघरांतही, दोन तट पडले. जुन्या पद्धतीत द्राक्षाच्या साली रसात महिना-दोन महिने भिजत ठेवत आणि मग वाइन हजारो लिटरच्या प्रचंड जुन्या पिंपांत वर्षानुवर्षे मुरवत. ती सुरुवातीला इतकी तुरट असे की दहा वर्षे हात लावायची सोय नसे. फ्रान्सच्या बर्गंडीत जाऊन आलेल्या काही तरुणांना तिथले शेतकरी सुखवस्तू दिसले. त्यांनी साली भिजवण्याचा काळ काही दिवसांवर आणला आणि २२५ लिटरची नवी फ्रेंच ओकची छोटी पिंपे, म्हणजे ‘बारीक’, आणली. वाइन लवकर मऊ होऊ लागली आणि तिच्यात लाकडाचा, व्हॅनिलाचा गंध उतरू लागला. उन्हाळ्यात वेलीवरचे काही घड कापून जमिनीवर टाकायचे, म्हणजे उरलेले चांगले पिकतात, हेही त्यांनी सुरू केले. भूक पाहिलेल्या आधीच्या पिढीला धरलेले पीक मातीत टाकणे हे पापच वाटले.

या संघर्षातला सर्वाधिक सांगितला जाणारा प्रसंग ला मोरातल्या एलिओ आल्तारे यांचा. १९८३ मध्ये त्यांनी वडिलांच्या तळघरातली जुनी पिंपे यांत्रिक करवतीने कापून टाकली. वडिलांनी त्यांचे नाव वारसांतून काढले. हा सलोखा वडिलांच्या हयातीत झालाच नाही. दुसऱ्या बाजूला बारोलो गावचे बार्तोलो मास्कारेल्लो होते. जुन्या पद्धतीवर ठाम असलेल्या या उत्पादकाने स्वतः हाताने रंगवलेल्या लेबलवर ‘ना बारीक, ना बेर्लुस्कोनी’ असे लिहिले. एकाच वाक्यात त्यांनी छोट्या पिंपांना आणि तेव्हाच्या इटालियन राजकारणातल्या बड्या प्रस्थालाही नकार दिला.

जिंकले कोण? विक्रीच्या दृष्टीने ‘बारोलो बॉइज’ म्हणून ओळखल्या गेलेल्या नव्या तटाने बारोलोला अमेरिकेच्या बाजारात नेले आणि सगळ्याच गावांचे भाव वाढवले. चवीच्या बाबतीत मात्र लंबक परत फिरला. गेल्या दोन दशकांत अनेकांनी नव्या लाकडाचा वापर कमी केला, मोठी पिंपे परत आणली. पण तळघरातली स्वच्छता, तापमानावर नियंत्रण आणि बागेतली मेहनत ही नव्यांची शिकवण सगळ्यांनीच ठेवून घेतली.

‘डीओसीजी’चे नियम किती कडक आहेत?

बारोलोला १९६६ मध्ये इटलीचे ‘डीओसी’ आणि १९८० मध्ये त्यावरचे ‘डीओसीजी’ मानांकन मिळाले. डीओसीजी म्हणजे उगमस्थान नियंत्रित आणि हमीप्राप्त. हे मानांकन मिळालेल्या पहिल्या काही वाइन्समध्ये बारोलो होती. आपल्याकडच्या भौगोलिक मानांकनाचाच हा जुना आणि जास्त काटेकोर प्रकार. आपल्याकडे मानांकन प्रामुख्याने नाव आणि प्रदेश यांचे संरक्षण करते. बारोलोत ते शेतात आणि तळघरात काय करायचे, हेही सांगते.

बाग समुद्रसपाटीपासून १७० ते ५४० मीटर उंचीच्या टेकडीवर हवी. दरीतला सपाट तळ चालत नाही. उत्तरेला तोंड असलेला उतार चालत नाही. हेक्टरी ८ टनांपेक्षा, म्हणजे एकरी सव्वातीन टनांपेक्षा जास्त द्राक्षे घेता येत नाहीत. मद्यार्क किमान १३ टक्के. तोडणीच्या वर्षातल्या १ नोव्हेंबरपासून ३८ महिने मुरवणे सक्तीचे आणि ‘रिझेर्वा’ लिहायचे असेल तर ६२ महिने. २०२१ च्या तोडणीची रिझेर्वा त्यामुळे १ जानेवारी २०२७ नंतरचीच.

२०१० पासून टेकड्यांच्या नावांनाही हद्दी ठरल्या. एकूण १८१ नावांची अधिकृत यादी झाली; त्यांतली ११ गावांची, उरलेली १७० बागांच्या पट्ट्यांची. याचे कारण व्यावहारिक आहे. एकाच गावातल्या दोन टेकड्यांच्या बाटल्यांच्या किमतींत दुप्पट-तिप्पट फरक पडतो. बारोलो गावची ‘कान्नुबी’ ही टेकडी त्यांतली सर्वात प्रसिद्ध. शेजारच्या पट्ट्यांनाही नुसते ‘कान्नुबी’ म्हणता येईल का, यावर उत्पादकांनी न्यायालयात धाव घेतली आणि प्रकरण इटलीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत गेले. कोकणाबाहेरच्या आंब्याला ‘हापूस’ म्हणावे का, या वादाशी परिचित असलेल्यांना त्यातली कळकळ लगेच कळेल.

जमिनीच्या किमतीचा प्रश्न काय आहे?

२०१४ मध्ये युनेस्कोने लांगे-रोएरो आणि मोन्फेर्रातो इथल्या द्राक्षबागांच्या भूप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पर्यटक वाढले, वाड्यांची हॉटेले झाली, जगभरातले पैसेवाले आले. आज बारोलोच्या हद्दीतल्या बागेचा भाव हेक्टरी १० लाख युरोंच्या वर, म्हणजे साधारण नऊ-दहा कोटी रुपयांच्या पुढे आहे. नामांकित टेकड्यांवर तो याच्या काही पट जातो. इटलीतल्या सर्वात महाग शेतजमिनींत तिची गणना होते.

कागदावर यामुळे लांगेतला शेतकरी श्रीमंत झाला. अडचण येते ती पिढी बदलताना. इटलीच्या कायद्यानुसार मुलांना वडिलोपार्जित मालमत्तेतला ठरावीक वाटा नाकारता येत नाही. तीन भावंडांपैकी एकालाच शेती करायची असेल, तर उरलेल्या दोघांचे वाटे बाजारभावाने विकत घ्यावे लागतात. दोन-तीन हेक्टरांच्या वाइनमधून तेवढा पैसा उभा करणे जवळपास अशक्य असते. मग विकणे हाच सोपा मार्ग उरतो. २०१६ मध्ये कास्तिल्योने फालेत्तोमधली ‘विएत्ती’ ही जुनी कौटुंबिक वाइनरी अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या क्राउझे या उद्योजक कुटुंबाने विकत घेतली, तेव्हा ही चर्चा उघडपणे सुरू झाली. बाहेरच्या पैशाने वाइन बिघडते असे नाही. पण शेजारच्या तरुण शेतकऱ्याला आणखी अर्धा एकर जोडण्याची संधी त्या भावात राहत नाही.

त्याचबरोबर, जिथे पूर्वी दोल्चेत्तो, हेझलनट किंवा रान होते, तिथेही नेबिओलो लावण्याचा मोह वाढला. गेल्या सुमारे तीन दशकांत बारोलोचे क्षेत्र जवळपास दुप्पट झाले. टेकडीवर एकच पीक उरले की रोग, भावातली घसरण आणि धूप या तिन्हींचा धोका वाढतो.

हवामान बदलाचा काय परिणाम?

सुरुवातीला तो फायद्याचा वाटला. पूर्वी दशकात दोन-तीनच वर्षी नेबिओलो नीट पिके. आता न पिकण्याची भीती जवळपास गेली. पूर्वी ऑक्टोबरअखेर, कधी नोव्हेंबरपर्यंत चालणारी तोडणी आता अनेकदा सप्टेंबरच्या शेवटी सुरू होते. परंतु २००३, २०१७ आणि २०२२ च्या उष्ण, कोरड्या उन्हाळ्यांनी दुसरी बाजू दाखवली. साखर भराभर वाढते, म्हणजे मद्यार्क साडेचौदा-पंधरा टक्क्यांवर जातो. साली आणि बियांतले टॅनिन मात्र त्या वेगाने पिकत नाही आणि आम्लता घसरते. बारोलोचा बांधा ज्या संथ, धुकट शरदाने घडवला, तोच आखडत चालला आहे. पाऊस आला तर धो-धो, आणि गारपिटीसह.

त्यामुळे जुने शहाणपण उलटे होऊ लागले आहे. बर्फ आधी वितळणारे दक्षिणेकडचे उतार आता भाजून निघतात. आजोबांनी कमी प्रतीचे म्हणून सोडलेले उंचावरचे, पूर्वेकडचे, सावलीचे तुकडे मोलाचे ठरत आहेत. मग उत्तरेच्या उतारावरची बंदी उठवावी का? उत्पादकांमध्ये यावर मतभेद आहेत. बाजूने बोलणारे म्हणतात, वाइन वाचवायची तर सावली लागेलच. विरोधकांना भीती आहे की हवामानाच्या नावाखाली उरलेसुरले रानही तोडले जाईल, उत्पादन वाढेल आणि भाव पडेल.

बागेत राबणारे हात कोणाचे?

तीव्र उतारांमुळे छाटणी, बांधणी, विरळणी आणि तोडणी ही कामे मोठ्या प्रमाणात हातानेच होतात. स्थानिक तरुण ती करायला राहिलेले नाहीत. १९९० च्या दशकापासून उत्तर मॅसिडोनियातून आलेली कुटुंबे आणि अलीकडे पश्चिम आफ्रिकेतले हंगामी मजूर ती करतात. अनेकदा हे मजूर बागमालकाकडे नव्हे, तर मुकादमी पद्धतीने मजूर पुरवणाऱ्या मध्यस्थाकडे असतात. २०२४ मध्ये आल्बा परिसरात मजुरांना मारहाण आणि वेतनातली पिळवणूक या आरोपांवरून पोलिसांनी कारवाई केली, तेव्हा जागतिक वारशाच्या टेकड्यांमागची ही बाजू इटलीभर चर्चेत आली. द्राक्ष कोणत्या टेकडीवरचे, हे बाटलीवर कायद्याने अचूक लिहिले जाते. ते कोणी, किती मजुरीवर तोडले, हे सांगण्याची सक्ती मात्र कोणत्याही मानांकनात नाही.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे?

‘नाशिक व्हॅली वाइन’लाही भौगोलिक मानांकन आहे आणि सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ इटालियन भागीदारीतून सांजोवेझे या इटालियन द्राक्षाची वाइन होते. पण बारोलोची नक्कल करण्यात अर्थ नाही. नाशिक-सांगलीत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी करून जानेवारी ते मार्चमध्ये पीक घेतले जाते. नेबिओलोला थंडीतली पूर्ण विश्रांती आणि थंड पडत जाणारा शरद लागतो. ते हवामानच इथे नाही. आयात वाइनवर वर्षानुवर्षे १५० टक्के सीमाशुल्क राहिल्याने अस्सल बारोलोही भारतात बड्या हॉटेलांपुरतीच मर्यादित राहिली.

घेण्यासारखे आहे ते दुसरेच. कोणत्या उतारावर कोणते द्राक्ष चांगले येते, याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी. उत्पादनावर स्वतःहून घातलेली मर्यादा. आणि द्राक्षे विकण्याऐवजी बाटली विकण्याचा निर्णय. यांमुळेच लांगेतल्या शेतकऱ्याची व्यापाऱ्याच्या दारात उभे राहण्यातून सुटका झाली. आणि इशाराही तिथलाच आहे. नावाला इतकी किंमत आली की ती जमिनीला चिकटते, आणि जमीन कसणाऱ्यालाच ती परवडेनाशी होते.

पुढे काय?

२०२५ च्या तोडणीची बारोलो १ जानेवारी २०२९ रोजी बाजारात येऊ शकेल. तिची चव कशी असेल, याचा अंदाज तळघरात आतापासूनच बांधला जात असेल. उत्तरेच्या उताराचा वाद तोवर सुटेल की नाही, हे उत्पादकांच्या मतांवर अवलंबून आहे. मात्र त्या बाटलीवर आज ज्या कुटुंबांची नावे आहेत, त्यांच्यापैकी किती जणांची मुले तोवर त्याच टेकडीवर छाटणी करत असतील, याचे उत्तर वाइनच्या नियमांत नाही. ते जमिनीच्या भावात, वारसाच्या वाटण्यांत आणि मजुरीच्या दरात दडले आहे.